अण्णांच्या फोटोंचा ताळा

हार्डडिस्कवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर फाइलींचा आकडा आला ७१,३०६. त्यातले फोटो आणि व्हिडिओ तेवढे वेगळे मोजले, ते भरले ४८,९०० च्या आसपास. मी गेली बावीस वर्षं सांगलीत एका कर सल्लागारांकडे हिशेबाचं काम करते. ताळेबंदात शंभर रुपयांचा फरक राहिला तरी तो सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि इथे तर बावीस हजार फाइलींचा फरक होता.

दिवाळीची साफसफाई चालू होती. माळा झाला, तांब्या-पितळेची भांडी झाली, खिडक्या झाल्या. डिस्कवर जागा उरली नाही म्हणून कॉम्प्युटर महिनाभर कुरकुरत होता, म्हणून तीही साफ करायला घेतली.

ही डिस्क म्हणजे आमच्या घरचा सगळा फोटोसंग्रह. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून २००५ साली निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कॅनॉनचा पॉवरशॉट घेतला, पेन्सिल सेलवर चालणारा, पाच मेगापिक्सलचा. आयुष्यभर इंजिनं उघडून जोडलेला माणूस, त्यांनी कॅमेराही तसाच शिकून घेतला. रोज संध्याकाळी कार्ड काढायचं, कॉम्प्युटरला लावायचं, तारखेचा फोल्डर करायचा, मग चष्मा वर सरकवून पिकासामध्ये, म्हणजे गूगलच्या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक फोटो बघत बसायचं. वाकडा असेल तर सरळ करायचा, कडा कापायच्या, आवडला तर चांदणी द्यायची. २०१७ साली अण्णा गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी खालच्या मजल्यात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातले कागदी अल्बम तिथंच राहिले. पाणी ओसरल्यावर ते उघडले, तर पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेलं की चेहऱ्यांचा रंगच पानाबरोबर निघून यायचा. आता अण्णांच्या हातचं जे काही आहे ते या डिस्कवर आहे.

तर बावीस हजार फाइली कसल्या, हे बघायला मी आधी लपलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग केलं. विंडोजमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केली की त्या फिकट रंगात दिसू लागतात. प्रत्येक फोल्डरमध्ये अण्णांच्या फोटोंच्या अधेमधे या फिकट फाइली बसलेल्या होत्या.

पहिल्या ओळखल्या त्या 'थम्ब्स डॉट डीबी'. विंडोज एक्सपी असताना फोल्डर उघडला की फोटोंची छोटी चित्रं दिसायची, ती पुढच्या वेळी पटकन दिसावीत म्हणून विंडोज त्याच फोल्डरमध्ये साठवून ठेवायचं. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून ही चित्रं वापरणाऱ्याच्या खात्यात एकाच ठिकाणी जमा होऊ लागली, म्हणून आमच्याकडे या फाइली जुन्या फोल्डरांतच आहेत, नंतरच्यांत नाहीत. तशीच 'झेडबी थंबनेल डॉट इन्फो' नावाची फाइल, कॅनॉनच्या सीडीवरून घातलेल्या झूमब्राउझरची. दोन्ही निर्धास्तपणे काढल्या. फोल्डर पुन्हा उघडला की लागतील तशी चित्रं नवी बनतात.

त्यानंतरच्या फाइलींनी मात्र मला घाबरवलं. नावाच्या सुरुवातीला टिंब, मग खालची आडवी रेघ, आणि पुढे अगदी फोटोचंच नाव, शेवटी जेपीजी. उघडायला गेलं की 'ही फाइल उघडता येत नाही'. अशा नऊ हजार. फोटो खराब झाले की काय, असं वाटून काळजात धस्स झालं. मग शेजारी बघितलं तर त्याच नावाची, टिंब नसलेली फाइल व्यवस्थित उघडत होती. धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याच्याकडे मॅकबुक आहे. त्यानं दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडचे फोटो घालायला ही डिस्क त्या मॅकला लावली होती. डिस्क मॅकच्या स्वतःच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली नसेल, तर फाइलीबद्दलच्या मॅकच्या नोंदी ठेवायला तिथे जागा नसते; मग तो अशी जोडफाइल शेजारी करून ठेवतो. साधारण चार केबीची, आत चित्र नाहीच. भावानं रंगीत खुणा वगैरे काही केल्या नव्हत्या, त्यामुळे त्यात आमच्या कामाचं काही नव्हतं.

आईच्या आणि माझ्या मोबाइलचे फोटो उतरवलेल्या फोल्डरांत 'डॉट थंबनेल्स' होते, आणि त्यात 'थंबडेटा' नावाच्या दोनच फाइली मिळून १.८ जीबी. अँड्रॉइडच्या गॅलरीची छोटी चित्रं. शिवाय 'डॉट ट्रॅश्ड' अशी सुरुवात असलेले काही फोटो, म्हणजे मोबाइलमधून पुसलेले पण महिनाभर कचरापेटीत ठेवलेले. ज्यानं पुसले त्यानं विचार करून पुसले असणार म्हणून ते मी उघडलेही नाहीत.

एवढं ओळखून झाल्यावर माझा हात सैल झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टिंबानं सुरू होणारं सगळं मशीनचं असतं असं मी मनाशी धरलं, शोधपट्टीत टिंब घालून संपूर्ण डिस्क शोधली, सगळं निवडलं आणि शिफ्ट धरून डिलीट दाबलं. शिफ्ट धरलं की फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते.

चूक सापडली ती हिशेबामुळे. काम सुरू करताना वहीत लिहून ठेवलं होतं: वापरलेली जागा ३१२ जीबी. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर पाहिलं तर ३०५. सात जीबी मोकळे झाले. आधी बरं वाटलं. मग वहीत मांडणी केली. मॅकच्या नऊ हजार फाइली, प्रत्येकी चार केबी, म्हणजे सगळ्या मिळून छत्तीस एमबी. एका छोट्या व्हिडिओएवढ्या. थंबडेटाचे १.८ जीबी. थम्ब्सच्या फाइली थोड्याशा. कसंही मांडलं तरी दोन जीबीच्या वर बेरीज जाईना. मग उरलेले पाच जीबी कसले गेले?

पाच जीबीचा काही ना काही ऐवज मी पुसला होता आणि तो काय होता हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, त्या डिस्कवर आता काहीच लिहू नकोस. काढून ठेव. माझ्याकडची कॉपी घेऊन येतो." पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग ती खरी जाते. परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर आहेत, फोटोरेक त्यातलं एक. पण ते फोटोच्या सुरुवातीच्या खुणेवरून फोटो ओळखून काढतं, त्यामुळे फाइलीचं नाव आणि फोल्डर दोन्ही हरवतात. अण्णांनी अकरा वर्षं तारीखवार लावलेलं सगळं एका ढिगात आलं असतं.

भावाची कॉपी २०१९ च्या दिवाळीतली. पुराच्या वेळी आम्ही कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेला होता म्हणून तो वाचला, आणि नंतर भावानं त्यावरून सगळं स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतलं. २०२१ मध्ये तो कॉम्प्युटरही बंद पडला. म्हणजे अण्णांच्या काळातल्या गोष्टींची माझ्या डिस्कशिवाय तेवढी एकच प्रत होती.

भाऊ वसुबारसेच्या रात्री आला. दोन्ही डिस्क शेजारीशेजारी लावल्या, आणि त्याच्याकडे जे आहे पण माझ्याकडे नाही ते बघितलं. जवळजवळ प्रत्येक फोल्डरात दोन गोष्टी: 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' नावाची एक छोटी फाइल, आणि 'डॉट पिकासा ओरिजिनल्स' नावाचा एक लपलेला फोल्डर. हे फोल्डर उघडले तर त्यात फोटो. सगळे मिळून सुमारे एकोणीसशे, प्रत्येकी अडीच एमबीच्या आसपास. पावणेपाच जीबी. ताळा जुळला.

पिकासा ज्यांनी वापरलं असेल त्यांना त्याची रीत आठवत असेल. फोटोची कड कापली, उजेड वाढवला, तरी मूळ फाइलीला ते हात लावत नसे. काय काय केलं ते फक्त त्या आयएनआय फाइलीत लिहून ठेवायचं, आणि दाखवताना त्या सूचनांप्रमाणे दाखवायचं. 'सेव्ह' दाबलं तरच बदललेला फोटो मूळ नावानं लिहिला जायचा, आणि तेव्हाही आधीचा, न कापलेला फोटो त्या लपलेल्या फोल्डरात हलवून ठेवला जायचा. गूगलनं पिकासा मार्च २०१६ मध्ये बंद केलं. त्यानंतरची बहुतेक सॉफ्टवेअर या फाइलींकडे आपणहून बघत नाहीत. म्हणून त्या बेवारस दिसतात. साफसफाई करणारी एखादी यादी काढली तर त्यांच्या नावापुढे कचरा असं लिहिलेलं सापडलं तरी नवल नाही.

आणि अण्णा नेमाने सेव्ह दाबायचे. म्हणजे गेली पंधरा वर्षं आम्ही या एकोणीसशेंपैकी जे फोटो बघत होतो ते सगळे त्यांनी कापलेले होते. न कापलेले आमच्यापैकी कुणी पाहिलेच नव्हते.

मला माझ्या कामाच्या भाषेतच हे नीट समजलं. खतावणीतल्या बेरजा पुसल्या गेल्या तर मी घाबरत नाही, व्हाउचरं हातात असली की बेरजा पुन्हा मांडता येतात. पण व्हाउचर गेलं तर गेलंच, मागून कितीही हुशार माणूस बसवला तरी तो ते उभं करू शकत नाही. थम्ब्स डॉट डीबी म्हणजे बेरीज. मॅकच्या जोडफाइली, थंबडेटा, सगळ्या बेरजाच. पिकासाची आयएनआय मात्र व्हाउचर आहे, कारण त्यात जे लिहिलंय ते अण्णांनी ठरवलेलं आहे. हा फोटो आवडला. ही कड नको. हा माणूस अमुक. या फाइली ओळखताना मी नावातलं टिंब बघत होते. बघायला हवं होतं ते हे, की ही फाइल गेली तर यंत्राला ती परत करता येईल का.

याच नजरेनं मग बाकीचं बघितलं. भाच्यानं मागे एकदा सुट्टीत काही फोल्डरांच्या तारखा दुरुस्त केल्या होत्या. कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेल्यामुळे एका वर्षीचे सगळे फोटो भलत्याच तारखेला पडत होते. त्यानं वापरलं एक्झिफटूल, फोटोच्या आतल्या तारखेसारख्या नोंदी बदलणारं सॉफ्टवेअर. ते काहीही बदलण्याआधी मूळ फाइल ठेवून देतं, नावाच्या शेवटी 'ओरिजिनल' असा शब्द जोडून. त्यामुळे फोटोसारखेच पण फोटोच्या मोजणीत न आलेले अकराशे चाळीस नग तिथे पडून होते. तारखा बरोबर लागल्यात का हे आधी घरातल्या प्रसंगांशी ताडून पाहिलं: भावाच्या साखरपुड्याचा दिवस, हळदीकुंकू, शाळेतलं गॅदरिंग. सगळं जुळल्यावरच त्या मूळ प्रती काढल्या. एक्झिफटूलमध्ये त्या काढून टाकायची वेगळी सूचना आहे आणि परत जागेवर आणायचीही आहे, त्यामुळे हातानं एकेक निवडावी लागत नाही.

पुराच्या वेळचे फोटो वेगळ्याच तऱ्हेनं बिघडलेले निघाले. ही माझी डिस्क मुळात त्याच दिवसांत भरलेली. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं आणि मी कॉम्प्युटरवरून डिस्कवर सगळं उतरवत होते. मध्येच वीज गेली. यूपीएस नव्हता. पुढे घर सोडायची घाई झाली आणि नंतर मी जिथे थांबलं होतं तिथून पुढचं उतरवलं. त्या मधल्या जागी एक फोटो असा आहे की वरचा अर्धा भाग नीट, आणि खाली नुसता राखाडी पट्टा. त्याच्या आगेमागे अकरा फोटो उघडतच नाहीत. आणि हे इतकी वर्षं कळलं नाही, कारण त्यांचा आकार बरोबर आहे. कॉपी करताना विंडोज आधी पूर्ण आकाराची जागा धरतं आणि मग ती भरत जातं. शिवाय काही मजकूर डिस्कवर जायच्या आधी थोडा वेळ मेमरीत थांबलेला असतो. वीज गेली की जागा धरलेली राहते, आत फक्त शून्यं. नाव बरोबर, तारीख बरोबर, साइज बरोबर. आमच्या धंद्यात कोऱ्या चेकबुकाच्या स्थळप्रती असतात तसं.

म्हणून केवळ आकार जुळतो यावर विसंबू नका. भाच्याकडून मी दोन्ही डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचं चेकसम काढून घेतलं, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेली एक लांबलचक खूणसंख्या. मजकुरात एका अक्षराचा फरक असला तरी ती वेगळी येते. त्या यादीत हे बारा फोटो लगेच वर आले. भावाकडे ते चांगले होते, कारण त्यानं वीज आणि पाणी सगळं शांत झाल्यावर उतरवले होते. त्याच्याकडून घेऊन जागेवर ठेवले. त्यातला एक, तो अर्धा राखाडी, आमच्या अण्णांच्या स्कूटरचा आहे. पुरात तीही गेली.

आता आयएनआय फाइलींबद्दल. त्या साध्या नोटपॅडमध्ये उघडतात. फोटोचं नाव चौकटी कंसात, आणि खाली ओळी. 'स्टार बरोबर येस' असं दिसलं की ती अण्णांची चांदणी. २००९ च्या सप्टेंबरमध्ये पिकासामध्ये चेहरे ओळखायची सोय आली. मला आठवतं, त्या वर्षीची सगळी थंडी ते चेहऱ्यांना नावं देत बसले होते. ती नावंही इथेच आहेत. 'फेसेस' या शब्दापुढे कंसात सोळा आकडे-अक्षरं, मग त्या माणसाचा एक लांब क्रमांक. आणि फाइलीच्या वरच्या भागात कुठला क्रमांक म्हणजे कोण, याची यादी.

ते सोळा आकडे म्हणजे चेहऱ्याभोवतीची चौकट आहे. चार-चारचे चार गट करायचे: डावी कड, वरची कड, उजवी कड, खालची कड. हे आकडे सोळाच्या पायावरचे असतात, ते आपल्या नेहमीच्या दहाच्या पायावर आणायचे आणि ६५,५३६ ने भागायचं. समजा डाव्या कडेचा गट ९९९९ असेल, तर तो होतो ३९,३२१. भागलं की साठ टक्के. म्हणजे चेहरा फोटोच्या डावीकडून साठ टक्क्यांवर सुरू होतो. कॉम्प्युटरमधला कॅल्क्युलेटर 'प्रोग्रॅमर' या प्रकारात नेला की हे रूपांतर होतं. पहिले काही मी हातानं केले. मग भाच्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून सगळी नावं फोटोंच्याच आत उतरवून दिली, जेणेकरून पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ती दिसू शकतील आणि अशी बाजूच्या फाइलीवर अवलंबून राहणार नाहीत. फोटोखाली अण्णांनी लिहिलेल्या ओळी सुदैवानं आधीपासूनच फोटोच्या आत होत्या. त्या पिकासा जेपीजीमध्येच लिहायचं.

नावं वाचताना एके ठिकाणी थांबले. तासगावच्या एका लग्नातला फोटो, २०१०. पुढच्या रांगेत एक म्हातारी, नाकात मोठी नथ, मांडीवर कुणाचं तरी बाळ. आईला विचारलं, मावशीला विचारलं, कुणाला सांगता येईना. अण्णांच्या यादीत तिच्या क्रमांकापुढे नाव नव्हतं, लिहिलं होतं, 'वर्कशॉपच्या मिस्त्रींची आई'. त्यांना तिचं नाव माहीत नसणार. पण ती कोण हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी लिहून ठेवलं. मिस्त्रींच्या मुलाला तो फोटो मी पाठवला. त्याच्याकडे आजीचा एकही रंगीत फोटो नव्हता.

आज डिस्कवर ५२,११८ फाइली आहेत. त्यातल्या प्रत्येकीचा हिशेब लागतो, एका फोल्डराखेरीज. त्या फोल्डरला मी 'सस्पेन्स' नाव दिलंय. ज्या रकमेचं खातं कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात घालतो, आणि वर्षअखेर एकेक करून सोडवतो, तसंच. त्यात तीनशेच्या आसपास फाइली आहेत: शेवटी 'टीएमपी' असलेल्या काही, अर्धवट उतरलेल्या डाउनलोडच्या काही, आणि ज्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या आहेत हे कळलं नाही अशा. त्यातल्या काहींच्या आतल्या मजकुराची सुरुवातीची अक्षरं बघून त्या आत फोटोच आहेत हे भाच्यानं ओळखलं, नाव बदललं की उघडल्या. बाकीच्या तशाच ठेवल्यात. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या कुणाला लागल्या नाहीत, तरीही पुसायच्या आधी मी त्या एकदा उघडून बघणार आहे. तीनशे फाइलींना जागा फारशी लागत नाही. पिकासाच्या आयएनआय आणि मूळ फोटोंचे फोल्डर जागच्या जागी परत ठेवलेत, आणि त्यांची तिसरी प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आईच्या पाटल्यांशेजारी एका पेनड्राइव्हवर आहे.

त्या एकोणीसशे फोटोंतला एक सांगायचा राहिला.

२००८ च्या गौरी. आमच्याकडे उभ्या गौरी असतात. हा फोटो आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलाय. मोठा करून देवघराबाहेर लावलेला आहे. दोघी गौरी, मागे जरीचा पडदा, पुढे फराळाची ताटं. अण्णांनी दोन्ही बाजू कापून गौरी बरोबर मधोमध आणल्या होत्या. लपलेल्या फोल्डरातला फोटो उघडला तर तो रुंद आहे. डावीकडे भिंत, भिंतीवर कालनिर्णय, सप्टेंबरचं पान, दुधाच्या खुणा केलेलं. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, आणि दारात आई. हिरवी साडी, पदर खोचलेला, त्या खोचलेल्या टोकालाच ती हात पुसतेय. पदरावर ओल्या बोटांची खूण दिसते. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, गौरींकडे बघतेय. कपाळावर केसांची एक बट घामानं चिकटलेली. तेव्हा आई एकावन्न वर्षांची होती, आज मी आहे त्याहून थोडीच मोठी.

आईचे फोटो आमच्याकडे फार थोडे आहेत. समारंभ असला की ती आत असायची. मी भावाबरोबर दोन संध्याकाळी बसून ते सगळे न कापलेले फोटो पाहिले. चौसष्ट फोटोंत आई आहे. दाराशी, कडेला, अर्धी, पाठमोरी, ताट घेऊन जाताना.

भाऊबीजेच्या दुपारी ओवाळून झाल्यावर तिला टीव्हीसमोर बसवलं आणि भावानं तो गौरींचा फोटो लावला. तिनं चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पुरणाचे हात होते गं. पुढं आले होते बघायला, तर हे म्हणाले, जरा मागं सर, कडेला ये. म्हणून दारात जाऊन थांबले."

थोड्या वेळानं ती भावाला म्हणाली, "पुढचा लाव."